चार वर्षं जुन्या रीफ टँकमधली (समुद्री मासे आणि कोरल म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या काचेच्या टाकीतली) वाळू काळी पडली आहे. सगळी काढून रत्नागिरीतल्या भाट्याच्या किनाऱ्यावरची घातली तर चालेल का?

भाट्याची नको, आणि सगळी एकदम तर मुळीच नको. पण त्याआधी बघायला हवं की वाळू बदलायची खरंच गरज आहे का.

तुम्ही लिहिलंय की टँक चार फुटी आहे, थर तीन इंचांचा, काचेतून खालचा भाग काळा दिसतो आणि काडी घालून ढवळलं की सडक्या अंड्यांचा वास येतो. मासे आणि कोरल मात्र ठणठणीत. मग घाबरण्यासारखं काही नाही. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. जिथे प्राणवायू पोचत नाही तिथले जीवाणू त्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. ते लोहाशी मिळालं की काळा रंग येतो. खाडीच्या चिखलात पाय रुतल्यावर येतो तोच हा वास. त्याच थरात, थोडं वरच्या बाजूला, नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणारे जीवाणूही राहतात, म्हणजे तो थर तुमचं कामही करतोय.

नुसतं दिसायला वाईट वाटत असेल तर काचेला खालून तीन इंच काळी पट्टी चिकटवा आणि विसरून जा. (हे मी थट्टेने म्हणत नाही, माझ्या टँकला अशी पट्टी आहे.) पण पाणी नेमाने बदलूनही नायट्रेट-फॉस्फेट वर चढत असेल, शेवाळ हटत नसेल, तर वाळूत गाळ साठलाय आणि ती काढणं योग्य. तसाही तीन इंच हा थर ना धड उथळ, ना धड खोल. परत घालताना एक-दीड इंचच ठेवा. चार बाय दीड फुटाच्या तळाला दीड इंचासाठी साधारण ३० किलो वाळू लागते.

खरी जोखीम जुनी वाळू काढण्यात आहे. चार वर्षांची घाण, वाळूला चिकटलेलं फॉस्फेट, कोंडलेला सल्फाइड वायू, मरणारे किडे हे सगळं एकदम पाण्यात मिसळतं आणि अमोनिया चढतो. समुद्री टँकचा पीएच ८.२ च्या आसपास असतो. त्या पीएचला अमोनियाचा विषारी हिस्सा गोड्या पाण्याच्या टँकपेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे गोल्डफिश जे सोसून नेतो ते तुमचे मासे सोसतीलच असं नाही.

म्हणून तळाचे मनातल्या मनात चार भाग करा आणि एका वेळी एकच काढा. मध्ये निदान दोन आठवडे जाऊ द्या. घाई नसेल तर महिना. हाताने किंवा डब्याने उपसू नका. एक इंची पारदर्शक पाइप घ्या आणि सायफन लावून वाळू पाण्यासकट थेट बालदीत ओढा, म्हणजे उडणारा गाळही पाण्याबरोबर बाहेर जातो. तोंडाशी अंगठा ठेवा, नाहीतर बघता बघता निम्मा टँक रिकामा होईल. ४०-५० लिटर पाणी गेलं की थांबायचं, वाळू उरली असली तरी. तेवढंच खारं पाणी आदल्या दिवशी तयार करून ठेवा, क्षारता आणि तापमान टँकइतकंच. नंतर स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) जोरात चालवा, फिल्टरमध्ये ताजा कार्बन आणि नवीन फ्लॉस (गाळ अडवणारा कापूस) घाला. दुसऱ्या दिवशी अमोनिया तपासा. शून्य नसेल तर पुढचा भाग लांबवा.

हे काम दिवे चालू असताना करा. वाळूत झोपणारे रॅस मासे तेव्हा बाहेर पोहत असतात. नासारियस गोगलगायी मात्र पाइपातून येतातच, म्हणून बालदीवर चाळण ठेवा. खडकांखालची वाळू ओढू नका. खडक त्या वाळूवर टेकलेला असेल तर तो सरकेल आणि काच जाईल. ती तिथेच राहू दे. खडकांतही भरपूर उपयोगी जीवाणू असतात या भरवशावर आपण वाळू काढतोय, तेव्हा खडकांना हात कमीच लावलेला बरा.

आता भाट्याचं. रत्नागिरीच्या पुळणीवरच्या वाळूत काळे जड कण असतात, इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटचे. कागदावर पसरून खालून लोहचुंबक फिरवा, मॅग्नेटाइट नाचताना दिसेल. हेच कण काच घासायच्या चुंबकाला चिकटतात आणि काचेवर ओरखडे पाडतात. पंपातही चुंबकच असतो. शिवाय तिथे काजळी नदीची खाडी मिळते, होड्यांचं डिझेल असतं, पावसाळ्यात डांबराचे गोळे किनाऱ्याला लागतात. वाळू उचलण्यावर सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) निर्बंध आहेत ते वेगळेच. आणि कुणी मालवणहून ‘जिवंत’ (समुद्रातले जीव असलेले) वाळू-खडक आणून देतो म्हणाला तर हात जोडा. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि खडक बांधणारं प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

मुंबईला क्रॉफर्ड मार्केटकडे कुणी जाणार असेल तर अ‍ॅरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची वाळू) मागवा, एक-दोन मिलिमीटर दाण्याची. खात्री करायची तर चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका, जोरात फसफसायला हवं. ती पाण्याचा पीएच सांभाळते असं दुकानदार सांगतील. ८ च्या वरच्या पीएचला ती जवळजवळ विरघळतच नाही, तेव्हा त्यासाठी जादा पैसे देऊ नका. नळाखाली धुवा, शेवटचं पाणी आरओचं. विहिरीचं वापरू नका, आपल्याकडे चिऱ्याच्या जमिनीत लोह उतरतं. घालताना पंप बंद करून रुंद पीव्हीसी पाइपातून तळाशी सोडा.

कधी करायचं? दिवाळी ते शिमगा. आषाढात वीज जाते आणि टँक गढूळ असताना पंप बंद पडला तर प्राणवायू झपाट्याने उतरतो. तरीही बॅटरीवरचा एअर पंप जवळ असू द्या.

नव्या वाळूवर काही दिवसांत तपकिरी पापुद्रा येईल, तो डायाटम या सूक्ष्म शेवाळाचा. खाणं थोडं कमी करा आणि दोन-तीन गोगलगायी वाढवा. त्यावर बाटलीतली औषधं विकायला येतील, ती घेऊ नका.