सागवानी डायनिंग टेबलवर पाण्याचे डाग पडतायत, काय करू?

आधी डागाचा रंग बघा. पांढरा असेल तर ओल बहुतेक वरच्या पॉलिशमध्येच अडकलीय, लाकूड वाचलंय, पण काळपट असेल तर पाणी आत लाकडात मुरलंय. आमच्या नेरुळच्या घरी टेबलाला स्पिरिट पॉलिश होतं, दिसायला एकदम झकास, पण ते असतं लाखेचं, त्याला पाणी आणि गरम दोन्ही सोसत नाही, रात्री तांब्या तसाच राहिला की सकाळी बुडाएवढी पांढरी कडी उमटलेली. शेवटी सगळं घासून पीयू (पॉलीयुरेथेन, म्हणजे पाणी सोसणारं प्लॅस्टिकसारखं) पॉलिशचे तीन हात मारून घेतले, तेव्हापासून निवांत. फक्त हे काम पावसाळ्यात काढू नका, आपल्याकडच्या दमट हवेत पॉलिश नीट सुकत नाही, दिवाळीनंतर करा. आणि टेबलाची खालची बाजू, कडा पण पॉलिश करायला सांगा, तेच बऱ्याचदा राहून जातं आणि मग फळी एकाच बाजूने ओल धरते नि वाकते. ते पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर मात्र काढाच प्लीज, त्याच्याखाली पाणी गेलं की दिवस दिवस तिथेच राहतं. सांडलं की लगेच सुती फडक्याने टिपून घ्या, बस.