‘लाइंग इन स्टेट’मधलं स्टेट म्हणजे राज्यच ना? आणि ‘स्टेट व्हिजिट’मधलं?

नाही हो. एवढ्या ठामपणे सांगतोय कारण या एका शब्दापायी माझी नोकरी गेली, म्हणजे गेली नाही, मीच सोडली, पण कारण हेच.

सप्टेंबर २०२२, सदाशिव पेठेत भाषांतराचं छोटंसं ऑफिस, आम्ही तिघं आणि सर. राणी एलिझाबेथ ८ तारखेला गेल्या, मग १४ ते १९ त्यांची शवपेटी लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये, रांग थेम्सच्या काठाने पार साउथवर्क पार्कपर्यंत, आणि आमच्या एका क्लायंटला त्यावर मराठी मजकूर हवा होता संध्याकाळच्या आत. ‘लाइंग इन स्टेट’ला मी लिहिलं, ‘पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आले’. सरांनी चहाचा कप त्याच कागदावर ठेवला, लाल पेन काढलं, "स्टेट कुठे खाल्लंत? स्टेट म्हणजे राज्य, पाचवीतल्या पोरालाही येतं." आणि वर लिहिलं, ‘राणी राज्यात पडून आहेत’. मी म्हटलं, सर, पडून तर एसटी असते डेपोत. झालं, दोन दिवस अबोला, आणि मजकूर तसाच गेला.

तर इथे स्टेट म्हणजे इतमाम, थाट, दर्जाला शोभेल असा सोहळा. ‘स्टेटली’ म्हणतात ना, त्याच घरातला शब्द. मिनिस्टर ऑफ स्टेट आपल्याकडे राज्यमंत्री, पण अमेरिकेचा सेक्रेटरी ऑफ स्टेट चक्क परराष्ट्रमंत्री, त्याला ‘राज्य सचिव’ लिहिणारे महाभाग मी पाहिलेत (कोण ते सांगायला नको).

आणि इन स्टेट ठेवलं म्हणजे स्टेट फ्यूनरल झालंच असंही नाही. एलिझाबेथची आई २००२ मध्ये त्याच हॉलमध्ये होती, तरी अंत्यविधी ‘सेरेमोनियल’च, म्हणजे थाटाचा, पण दर्जाने स्टेट फ्यूनरलच्या एक पायरी खालचा. स्टेट फ्यूनरलला मराठीत शासकीय इतमामात अंत्यसंस्कार म्हणा, लतादीदींवर शिवाजी पार्कात झाले तसे. ‘राजकीय इतमाम’ही छापतात, चूक नाही, पण वाचणाऱ्याला पक्ष आठवतो.

स्टेट व्हिजिटचं राहिलंच. एका राष्ट्रप्रमुखाच्या निमंत्रणावरून दुसऱ्याची भेट, तोफांची सलामी, मेजवानी वगैरे, थोडक्यात तिथेही राज्य नाहीच, इतमामच. अर्थात हे मुख्यतः ब्रिटनचं सांगतोय, अमेरिकेत पार्थिव ठेवण्याचे ‘इन स्टेट’ आणि ‘इन ऑनर’ असे दोन प्रकार आहेत, २००५ मध्ये नागरी हक्कांसाठी लढलेल्या रोझा पार्क्सना दुसरा मिळाला, कारण त्यांच्याकडे सरकारी पद नव्हतं.

सर, वाचत असाल तर, कपाचा गोल उमटलेला तो कागद अजून माझ्याकडे आहे.