मुलगी सप्टेंबरमध्ये मास्टर्ससाठी इंग्लंडला जाते आहे. आरोग्य आणि सुरक्षिततेची काय तयारी करावी?

व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरलात, म्हणजे एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, उपचार तिला मिळतील. पण पैसे भरले की आपोआप डॉक्टर मिळत नाही. खोलीचा पत्ता पक्का झाला की पहिल्याच आठवड्यात जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला सांगा. मुलं हे टाळतात आणि तापाने फणफणल्यावर धावाधाव करतात, म्हणून मी हे सगळ्यात आधी सांगते.

दातांचं काम आणि चष्मा इथेच उरकून घ्या, तिकडे त्याचे पैसे वेगळे पडतात. तिथे प्रिस्क्रिप्शनशिवाय अँटिबायोटिक मिळत नाही. रोजची औषधं असतील तर मूळ वेष्टनात ठेवा आणि सोबत डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र द्या, त्यात औषधाचं जेनेरिक नाव, म्हणजे ब्रँडचं नव्हे तर मूळ घटकाचं नाव, हवंच. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं तिथे नियंत्रित यादीत आहेत, ती घरच्या डब्यातून उचलून सहज बॅगेत टाकू नका. लसीकरणाची नोंदही सोबत असू द्या.

आणीबाणीत ९९९, तातडीचा सल्ला हवा असेल तर १११. दोन्ही क्रमांक तिला पाठ हवेत. खोली घेताना धुराचा अलार्म चालतो का, हे बटण दाबून बघायला सांगा.

आणि एक, नोव्हेंबरपासून तिथे दुपारी चारलाच अंधारून येतं. पहिल्या हिवाळ्यात बरीच मुलं मनाने खचतात. विद्यापीठाची समुपदेशन सेवा मोफत असते, तिथे जाण्यात कमीपणा नाही हे निघण्याआधीच तिच्याशी मोकळेपणाने बोला.