जिनसेंगचं बी जिवंत आहे का, कसं ओळखायचं?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही विस्कॉन्सिनमध्ये वॉसॉजवळ राहतो. घरामागे मेपलची झाडी आहे, तिथे लावायला म्हणून गेल्या सप्टेंबरात जिनसेंग या औषधी मुळाच्या वनस्पतीचं स्ट्रॅटिफाय केलेलं (म्हणजे ओल्या वाळूत बरेच महिने ठेवून उगवायला तयार केलेलं) बी मागवलं, पण नेमकं तेव्हाच घरी पाहुणे आले आणि लावायचं राहूनच गेलं. बी ओल्या वाळूत, झिपच्या पिशवीत फ्रिजमध्ये आहे. आता मार्च संपत आलाय, काही बिया उकलल्यात, काही मऊ लागतात, वर थोडी बुरशी पण आहे. पाण्यात टाकून बघितल्या तर बऱ्याच तरंगल्या. त्या टाकून द्यायच्या का? आणि थोड्या बिया सासूबाईंनी सुकवून पुडीत ठेवल्यात, वाईला मळ्यात लावू म्हणतायत, त्या येतील का?

उत्तर : तरंगल्या म्हणून लगेच टाकू नका हो! पाण्याची टेस्ट आपल्या सवयीची आहे पण इथे ती एकटी पुरत नाही, कारण उकललेल्या बीच्या फटीत हवा अडकते आणि चांगलं बी पण वर येतं. चमच्याने ढवळा, थोडा वेळ थांबा, तरी वरच राहिलेल्या बिया वेगळ्या काढा आणि एकेक चिमटीत दाबून बघा. टणक असेल तर ठेवा, दाबताच पिचकली किंवा कुजका वास आला तर ती गेली.

तरी शंका असेल तर पाच-सहा बिया कापायच्याच. जीव तुटतो, कळतं मला, हे बी स्वस्त नसतं, पण याच्याइतकं स्पष्ट उत्तर दुसरं कशातच मिळत नाही. धारदार ब्लेडने शिवणीवरून दोन भाग करा. आतला गर ओल्या खोबऱ्यासारखा पांढरा आणि घट्ट दिसला तर बी जिवंत आहे असं धरायला हरकत नाही, तपकिरी, चिकट किंवा सुकून आकसलेला असेल तर मेलेलं. उकललेल्या बीत गर्भ सहज दिसतो, तोही पांढराच हवा.

उकलणं ही चांगलीच खूण आहे. लाल फळातून बी निघतं तेव्हा आतला गर्भ अगदी इवलासा असतो, तो वाढायला उबदार महिने लागतात आणि मग पुन्हा थंडी, म्हणून फळापासून कोंब यायला साधारण दीड वर्ष जातं. तुमच्या बियांची ती थंडी फ्रिजमध्ये झालीय आणि आता त्या थांबणार नाहीत, तेव्हा जमिनीतला बर्फ वितळला की लगेच लावून टाका. पांढरं टोक बाहेर आलेल्या बिया साध्या पाण्याने हलकेच धुवा, टोक मोडलं की रोप गेलं. बाकीच्यांना बुरशीसाठी एक भाग बिनवासाचं ब्लीच आणि नऊ भाग पाणी, दहा मिनिटं, मग नीट खळखळून धुवायचं. लावताना खोली अर्धा ते एक इंच आणि वर मेपलचाच पालापाचोळा. ज्या उकलल्याच नाहीत पण टणक आहेत त्याही पेरा, कदाचित पुढच्या वसंतात उगवतील, ती जागा खणू नका.

आता सासूबाईंच्या पुडीचं. आपण मेथी, भोपळा, मिरचीचं बी उन्हात खडखडीत वाळवतो आणि ते बरोबरच आहे, पण जिनसेंगचं बी वाळलं की मरतं, ओल ही त्याला शेवटपर्यंत लागते. एखादी बी कापून त्यांना दाखवा, म्हणजे त्यांनाही पटेल. शिवाय वाईला त्याला लागणारी लांब, कडक थंडी नाही, आणि भारतात बियाणं न्यायला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बियांत रोग-कीड नाही असा सरकारी दाखला) वगैरे कागद लागतात, बॅगेत टाकून नेऊ नका प्लीज. मळ्यात औषधी काही लावायचंच असेल तर पाण्याचा निचरा होणाऱ्या तुकड्यात अश्वगंधा लावू दे त्यांना, फक्त बी त्याच वर्षीचं बघून घ्या.