स्मार्ट कॅम्पस: आधी काय, नंतर काय

कॅम्पस स्मार्ट करायला, म्हणजे रोजची कामं तंत्रज्ञानावर आणायला, तुम्ही काढलेली यादी वाचली: ॲप, चेहरा ओळखून हजेरी, डिजिटल ट्विन वगैरे. चांगली आहे, फक्त क्रम उलटा लागलाय.

सगळ्यात आधी नेटवर्क. 200 जणांच्या व्याख्यानगृहात प्रत्येकाकडे फोन, बऱ्याच जणांकडे लॅपटॉपही. म्हणजे 300-400 उपकरणं एकाच वेळी. तिथे वाय-फायने मान टाकली की तुमचं ॲप, हजेरी, सगळंच बंद. त्यामुळे ॲक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारी उपकरणं) किती हवेत ते खोलीच्या क्षेत्रफळावरून नाही, माणसांच्या संख्येवरून ठरवा.

मग एकच लॉगिन. ग्रंथालय, वसतिगृह, परीक्षा विभाग, सगळीकडे तेच खातं. विद्यार्थी शिक्षण संपवून गेला की ते खातं एका जागी बंद केलं, काम झालं.

जमलं तर इमारतनिहाय वीजमीटर. दिसायला कंटाळवाणे, पण रात्री दोन वाजता कुठला एसी चालू राहतो हे शोधायची सुरुवात त्यांच्यापासूनच होते.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- विक्रेत्याचा डेमो बघून यादी बनवणं
- आपला डेटा बाहेर काढता येईल का, हे करारात न लिहिणं
- देखभाल न धरणं (सेन्सरच्या बॅटऱ्या बदलणार कोण?)

चेहरा ओळखून हजेरी तर बाजूलाच ठेवा. कार्ड हरवलं तर नवं देता येतं, चेहऱ्याचा डेटा फुटला तर काय देणार? डिजिटल ट्विनचं, म्हणजे कॅम्पसच्या संगणकातल्या प्रतिकृतीचं, नंतर बघू. सध्या एकच इमारत घ्या आणि एक सत्र चालवून बघा.