जाळी सपाट का दिसते?

प्रश्न : फोटोशॉपमध्ये ट्रान्झिस्टर रेडिओ काढतोय. स्पीकरची जाळी छापल्यासारखी सपाट दिसते. काय चुकतंय?

उत्तर : नुसता काळा ठिपका म्हणजे भोक नव्हे, त्याला कड हवी. 12 बाय 12 पिक्सेलच्या पारदर्शक फाइलमध्ये मधोमध 6 पिक्सेलचा गडद राखाडी गोल काढून ‘डिफाइन पॅटर्न’ करा, म्हणजे तो पुन्हा पुन्हा भरता येणारा नमुना म्हणून साठतो. नव्या लेयरवर (थरावर) हा नमुना भरा. त्या लेयरला काळी ‘इनर शॅडो’ (कडेच्या आत पडणारी सावली) द्या, डिस्टन्स 2, साइज 2. शिवाय पांढरी ‘ड्रॉप शॅडो’ (कडेच्या बाहेर पडणारी सावली) : ब्लेंड मोड (रंग मिसळण्याची पद्धत) स्क्रीन, डिस्टन्स 1, साइज 0, ओपॅसिटी 40 टक्के. खालच्या कडेला उजेडाची बारीक रेघ उमटते आणि भोक खोल वाटतं. दोन्हीकडे ‘यूज ग्लोबल लाइट’ (सगळीकडे उजेडाची एकच दिशा) चालू ठेवा, नाहीतर बटणांची सावली एकीकडे, जाळीची दुसरीकडे. कडेची अर्धवट भोकंही पुसा. हीच चूक सर्वांत आधी डोळ्यांत खुपते.