मोटारप्रेमींना देशव्यापी मालक-क्लब हवा की स्थानिक क्लब?

आपण लिहिले आहे की, एकाच मॉडेलच्या जुन्या गाड्या बाळगणारे आपण बावीस जण दर महिन्याला भेटता. आता त्यांपैकी काही जण देशभरातील मालकांचा एक क्लब काढू म्हणत आहेत, तर उरलेल्यांना आहे ते मंडळच पुरेसे वाटते. तेव्हा खरी गरज कशाची, आणि दोन्ही असतील तर दोन्हीकडे वर्गणी का भरायची? मी गेली सव्वीस वर्षे 1965 सालची एमजीबी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार, सांभाळतो आहे आणि त्यांपैकी अकरा वर्षे आमच्या स्थानिक मंडळाचा चिटणीस होतो. माझे मत आधीच सांगतो. गाडी चालती ठेवायला आणि नवख्या माणसाला हाताशी धरायला स्थानिक मंडळच लागते. परंतु त्या गाडीविषयीचे ज्ञान, नोंदी आणि सुटे भाग आपल्या पिढीनंतरही टिकावेत असे वाटत असेल, तर देशभरातील मालक एकत्र येण्यावाचून गत्यंतर नाही. फक्त तो क्लब स्थानिक मंडळांच्या जोरावर उभा राहिला पाहिजे, त्यांच्या डोक्यावर बसवलेला नको.

स्थानिक मंडळाचे मोल मला पहिल्याच वर्षी कळले. माझी गाडी ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर अडखळायची आणि मग झेप घ्यायची. तीन गॅरेजांत तिचे टायमिंग तपासून झाले, पॉइंट आणि प्लग बदलून झाले, तरी दोष जागच्या जागी. मंडळाच्या दुसऱ्याच बैठकीला एका ज्येष्ठ सभासदांनी बॉनेट उघडायला सांगितले, हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या दोन एसयू कार्बोरेटरांपैकी पुढच्याच्या डोक्यावरची छोटी टोपी फिरवून वर उचलली आणि तिला जोडलेली बारीक दांडी माझ्यापुढे धरली. ती कोरडी ठणठणीत होती. या कार्बोरेटरात वर-खाली होणाऱ्या पिस्टनची चढण्याची गती, ही दांडी जिच्यात बुडते त्या टोपीखालच्या नळीतले तेल आवरून धरते, त्यामुळे पॅडल दाबताच मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण क्षणभर वाढते; तेल नसेल तर पिस्टन एकदम उसळतो, हवा जास्त शिरते आणि इंजिन दम खाते. त्यांनी तेलाच्या कुपीने दोन्ही नळ्या भरल्या आणि ‘आता दाबून बघा, हाताला विरोध लागला पाहिजे,’ असे म्हणत टोपी माझ्याच हातात दिली. मग एअर फिल्टर काढून रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे आधी एका, मग दुसऱ्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून दोघांच्या हवेचा सूं-सूं आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवले. सारे काम अर्ध्या तासाचे होते. तो आवाज कसा असावा हे मी तोवर तीनदा वाचले होते, पण नळी कानाला लावल्याशिवाय त्याचा अर्थ कळला नव्हता. ही विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि त्यासाठी दोन्ही हात एकाच बॉनेटखाली असावे लागतात. राष्ट्रीय क्लब कितीही मोठा असला तरी रविवारी सकाळी तो आपल्या अंगणात येऊ शकत नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर मीही आपल्या दुसऱ्या गटात असतो. पण त्याच मंडळात, त्याच आपुलकीने, माझ्या गाडीचे नुकसानही झाले. एमजीबीच्या सीटमागच्या फळीखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. त्या नव्या बसवायच्या होत्या. आमच्यातील विजेच्या कामात सर्वांत वाकबगार असलेल्या सभासदांनी त्या बसवल्या, मी टॉर्च धरून उभा होतो. त्यांनी ऋण टोक बॉडीला जोडले, कारण मंडळातील इतर सर्व गाड्यांना तसेच होते. रेडिओ लावताच डॅशबोर्डामागून धुराची बारीक रेघ निघाली आणि करपल्याचा वास आला. मी देशपातळीवरील क्लबाच्या तांत्रिक सल्लागारांना कळवले. त्यांचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. 1967 सालच्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीत धन टोक बॉडीला जोडलेले असते आणि चार्जिंगसाठी डायनॅमो असतो. त्यानंतरच्या गाड्यांत ऋण टोक बॉडीला आणि अल्टरनेटर आला. बॅटऱ्या पुन्हा योग्य दिशेने जोडल्यावर इंजिन सुरू करण्याआधी डायनॅमोच्या फील्ड टर्मिनलला क्षणभर बॅटरीचा प्रवाह द्या, म्हणजे त्याची ध्रुवता पूर्ववत होईल, असेही त्यांनी लिहिले होते. मी तसे केले आणि चार्जिंग सुरळीत झाले. रेडिओ मात्र गेला तो गेलाच.

या प्रसंगाचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या सभासदांचा हेतू निर्मळ होता आणि हातही कसबी होता. चूक अनुभवाच्या तोकडेपणाची होती. आमच्या मंडळात त्या वेळी नऊ गाड्या होत्या आणि 1967 पूर्वीची एकट्या माझी. म्हणजे नऊपैकी आठ गाड्यांचा अनुभव नवव्या गाडीच्या मुळावर आला. लहान मंडळात एखादी समजूत दोन-तीनदा खरी ठरली की तिचा नियम होतो, आणि तो खोडून काढणारी गाडी शेजारच्या प्रांतात असते. शेकडो गाड्यांच्या नोंदी ज्याच्यापुढे आहेत त्यालाच सांगता येते की हा बदल अमुक वर्षी, अमुक चॅसिस नंबरपासून झाला. हे काम संख्येचे आहे. प्रेमाने आणि कसबाने त्याची उणीव भरून निघत नाही.

यावर जुन्या क्लबांनी काढलेला मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. एमजी कार क्लब 1930 सालचा. त्याच्या आत दोन प्रकारची विभागणी आहे: सभासद राहतो त्या भागाचे ‘सेंटर’, आणि त्याच्याकडे असलेल्या मॉडेलचे ‘रजिस्टर’. सेंटरमध्ये शेजारी भेटतात, मग कोणाची गाडी कोणत्याही सालची असो. रजिस्टरमध्ये एकाच मॉडेलचे मालक एकमेकांना सापडतात, मग ते कितीही दूर राहोत. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या एमजी मिजेट, मॅग्ना आणि मॅग्नेट गाड्यांचे ‘ट्रिपल-एम रजिस्टर’ हे त्याचे नामांकित उदाहरण. आपण प्रश्नात फक्त ‘देशव्यापी की स्थानिक’ असे दोन पर्याय मांडले आहेत, परंतु माझ्या मते आपल्याला सर्वांत आधी हवे आहे ते रजिस्टर. कोणती गाडी कोणत्या चॅसिस आणि इंजिन क्रमांकाची, मूळ रंग कोणता, कोणते भाग बदललेले, सध्या कोठे आहे, एवढी नोंद असली तरी विकत घेणाऱ्याची फसवणूक टळते आणि मोडीत निघणाऱ्या गाडीचे भाग गरजूपर्यंत पोचतात. एमजीबीच्या चॅसिस क्रमांकाच्या सुरुवातीची अक्षरेच पाहा: ‘जीएचएन’मधला ‘जी’ एमजीचा, ‘एच’ इंजिनाच्या आकारमानाचा गट सांगणारा आणि ‘एन’ उघड्या दोन आसनी बॉडीचा, बंद छपराच्या जीटीला ‘एन’ऐवजी ‘डी’. जीटीचा क्रमांक मिरवणारी उघडी गाडी समोर आली तर प्रश्न विचारायला हवेत, हे मला रजिस्टरमुळेच कळले.

सुट्या भागांचे गणित याहून कठोर आहे. दाराभोवतीची रबरी पट्टी किंवा पुढच्या काचेचे सील पुन्हा बनवायचे तर साचा काढावा लागतो, आणि साच्याचा खर्च वीस नग काढा की पाचशे, तेवढाच राहतो. बावीस मालकांत तो वाटला तर एकेका पट्टीची किंमत कोणालाच परवडणार नाही. देशभरातील तीनशे मालकांनी आगाऊ मागणी नोंदवली तर कारखानदार निदान बोलायला तयार होतो. एमजीबीचे उत्पादन 1980 साली थांबले, तोवर पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या. एवढे मालक मागे असल्यामुळेच 1988 साली ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने तिची संपूर्ण नवी बॉडी पुन्हा बाजारात आणणे शक्य झाले. ज्या गाड्यांमागे असे संख्याबळ नाही त्यांच्या मालकांनी तर अधिकच घट्ट एकत्र यायला हवे. जोवेट या ब्रिटिश कंपनीचेच पाहा: 1954 साली तिच्या गाड्या बनणे बंद झाले, तरी चाहत्यांनी स्वतःच सुट्या भागांची व्यवस्था उभारून त्या रस्त्यावर ठेवल्या. आणि जोवेट मालकांचा क्लब 1923 साली सुरू झाला तेव्हा ‘सदर्न जोवेट कार क्लब’ होता, म्हणजे एका भागाचाच होता, हे आपल्या सभासदांना अवश्य सांगा.

तिसरी गोष्ट कायद्याची. जुन्या गाड्यांवर निर्बंध येतात ते सहसा द्वेषापोटी येत नाहीत; नियम करणाऱ्यांना या गाड्यांची आठवणच होत नाही, आणि ती करून देणारे कोणीतरी लागते. ब्रिटनमध्ये यासाठी 1988 पासून ऐतिहासिक वाहनांच्या क्लबांचा महासंघ आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणे वाढू लागले तेव्हा जुन्या टाक्या, नळ्या आणि रबरी भाग गंजण्या-कुजण्याचा प्रश्न उभा राहिला; त्या महासंघाने गंजरोधक रसायनांच्या चाचण्या करवून घेतल्या आणि कसोटीला उतरलेल्यांना मान्यता दिली. 2021 च्या सप्टेंबरात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल तिथे सर्रास मिळू लागले, तेव्हा मालकांच्या हाताशी निदान तपासलेली माहिती होती. जागतिक पातळीवर 1966 मध्ये स्थापन झालेली ‘फिवा’ ही संघटना आहे. किमान तीस वर्षे जुने, मूळ स्वरूपात जपलेले आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरले जाणारे वाहन म्हणजे ऐतिहासिक वाहन, अशी तिची व्याख्या आहे. अशा व्याख्येवर कर, तपासणी आणि शहरातील प्रवेशबंदी यांतल्या सवलती अवलंबून असू शकतात. कोणतेही बावीस जणांचे मंडळ त्या टेबलाशी पोचत नाही.

तरीही राष्ट्रीय क्लबाविषयी आपल्या दुसऱ्या गटाला वाटणारी धास्ती मला निराधार वाटत नाही. मी एक चांगला क्लब यातूनच खिळखिळा होताना पाहिला आहे. कार्यकारिणी एकाच शहरातली, वार्षिक मेळावा दरवर्षी त्याच शहराजवळ, वर्गणी सगळीकडून आणि खर्च एकाच ठिकाणी. दूरच्या सभासदाला वर्षभरात अंक मिळायचे आणि नूतनीकरणाचे पत्र मिळायचे, बाकी काही नाही. चार वर्षांत त्या भागांतली नावे गळाली आणि जाताना त्यांच्या गाड्यांच्या नोंदीही अद्ययावत व्हायच्या थांबल्या. नोंदी ही क्लबाची खरी पुंजी आहे असे मानणाऱ्या मला ते फार लागले.

म्हणून पैशाची वाटणी पहिल्याच दिवशी कागदावर आणा. पोर्शे क्लब ऑफ अमेरिका 1955 साली स्थापन झाला. आज त्याचे शंभराहून अधिक विभाग आहेत. तिथला सभासद राष्ट्रीय क्लबात नाव घालतो तेव्हा एका विभागाचाही सभासद होतो आणि त्याच्या वर्गणीतला काही भाग त्या विभागाकडे परत जातो. विभागांच्या कार्यक्रमांच्या विम्याची सोयही राष्ट्रीय पातळीवरून होते, आणि हा मुद्दा किरकोळ नाही: मैदानावर किंवा ट्रॅकवर गाड्या पळवताना अपघात झाला, तर नोंदणी नसलेल्या मंडळात जबाबदारी आयोजकांवर वैयक्तिकरीत्या येऊ शकते. या रचनेमुळे ‘दोन वर्गण्या कशासाठी’ हा वादच फारसा उरत नाही, कारण सभासद एकदाच भरतो आणि पैसा दोन ठिकाणी काम करतो.

आपल्या जागी मी असतो तर राष्ट्रीय क्लबाचे नाव, बोधचिन्ह आणि अध्यक्ष यांवर पहिली दोन वर्षे एक शब्दही बोललो नसतो. पुढच्या बैठकीत बावीसही गाड्यांचे चॅसिस आणि इंजिन क्रमांक स्वतः पाटीवर वाचून, फोटो काढून, एकाच नमुन्यात लिहून घ्या; कागदपत्रांवरून उतरवू नका, कारण इंजिने बदललेली असतात आणि कागद तसेच राहतात. दर बैठकीत एक दुरुस्ती सर्वांसमोर करा आणि ती कोणत्या क्रमांकाच्या गाडीवर केली यासह लिहून ठेवा, म्हणजे माझ्या बॅटऱ्यांसारखी चूक निदान शोधता येईल. मग आपल्यासारखी आणखी दोन-तीन मंडळे शोधून त्यांना तोच नमुना पाठवा. तिघा-चौघांच्या नोंदी एकत्र आल्या की देशव्यापी क्लबाचे अर्धे काम झालेलेच असेल. तेव्हा प्रत्येक मंडळाचा एक प्रतिनिधी घेऊन समिती करा, चिटणीसपद आणि मेळाव्याची जागा दर दोन वर्षांनी फिरती ठेवा, आणि नोंदवहीची प्रत प्रत्येक मंडळाकडे राहील असे घटनेत लिहा.

वर्गणीचे म्हणाल तर, तोवर स्थानिक मंडळाचीच भरा, आणि तिच्यातला ठरावीक हिस्सा रजिस्टरसाठी वेगळ्या खात्यात बाजूला ठेवायला खजिनदारांना सांगा.